अन्नधान्यावरील नियंत्रण आणि विनियंत्रण : युद्धोत्तर भारतातील शासकीय धोरणाची चिकित्सा (१९४५–१९५४)

प्रस्तावना

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. परंतु भारतातील शिधावाटप संपले नाही. मुंबई शहरात ते मे १९४३ पासून लागू होते. बंगालच्या दुष्काळाच्या त्याच वर्षी ग्रेगरी समितीने एक लाखाहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत शिधावाटपाची शिफारस केली. १९४६ च्या प्रारंभी पिके बुडाल्याने दैनिक धान्यशिधा १६ औंसांवरून १२ औंसांवर आणावा लागला. फाळणीमुळे पश्चिम पंजाब व सिंध हे वाढाव्याचे प्रदेश पाकिस्तानात गेले. अशा स्थितीत शासनाने विनियंत्रणाचा उपाय दोनदा योजला. पहिल्यांदा तो फसला, दुसऱ्यांदा यशस्वी झाला. या फरकाची कारणमीमांसा हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पहिला प्रयोग

नियंत्रणांमुळे काळाबाजार व लाचलुचपत फोफावते आणि जनता परावलंबी होते, असे महात्मा गांधींचे प्रतिपादन होते. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीनेही क्रमशः विनियंत्रणाची शिफारस केली. त्यानुसार डिसेंबर १९४७ मध्ये शासनाने निर्णय घेतला. नैतिक भूमिका प्रामाणिक होती; परंतु बाजारभाव रोखून धरण्याइतका साठा शासनाजवळ नव्हता. भाववाढीच्या अपेक्षेने धान्य दडवले गेले. घाऊक किंमतींचा सर्वसाधारण निर्देशांक (ऑगस्ट १९३९ अखेरचे वर्ष = १००) नोव्हेंबर १९४७ मध्ये सुमारे ३०२ होता; जुलै १९४८ मध्ये तो सुमारे ३९० झाला. मुंबईसारख्या तुटीच्या प्रांतातील मजूर व निश्चित वेतनावरील नोकरवर्ग यांना त्याची झळ सर्वाधिक बसली. अखेर सप्टेंबर १९४८ मध्ये नियंत्रणे पुन्हा लागू झाली.

दुसरा प्रयोग

नियंत्रणे परतली, तरी टंचाई हटली नाही. जानेवारी १९५१ मध्ये शिधा १२ औंसांवरून ९ औंसांपर्यंत उतरला. त्याच वर्षी अमेरिकेकडून १९ कोटी डॉलरच्या कर्जाद्वारे गहू मिळाला. १९५२ मध्ये अन्नखाते रफी अहमद किडवई यांच्याकडे आले. मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी जून १९५२ मध्येच नियंत्रणे उठवली होती. किडवईंनी हाती साठा असताना, चांगल्या पावसाची जोड मिळताच, टप्प्याटप्प्याने बंधने सैल केली. १९५४ मध्ये तांदळावरील नियंत्रणही उठले.

निष्कर्ष

१९४७ व १९५४ मधील फरक तत्त्वाचा नसून साठ्याचा व वेळेचा होता. नियंत्रणाचे यश धान्यवसुलीवर अवलंबून असते, तर विनियंत्रणाचे यश कोठारावर. रिकाम्या कोठारानिशी दिलेले बाजारस्वातंत्र्य हे प्रत्यक्षात साठेबाजाचे स्वातंत्र्य ठरते आणि त्याची किंमत शिधापत्रिकेवर विसंबणाऱ्या कुटुंबांना मोजावी लागते. नियंत्रण की मुक्त बाजार, या वादात हा अनुभव दोन्ही पक्षांनी लक्षात घेणे आवश्यक आहे.