यंत्र का थांबले? उत्पादन-नोंदीची कुळकथा

यंत्र किती वेळ चालले, किती वेळ उभे राहिले, कशामुळे उभे राहिले आणि चालू असताना त्यातून चांगला माल किती निघाला, हे सतत टिपत राहणे म्हणजे उत्पादन-निरीक्षण. आता हे काम सेन्सर आणि संगणक करतात, म्हणून ते अलीकडचे वाटते. त्याची मुळे मात्र बरीच जुनी आणि पुष्कळशी कापसाच्या धंद्यात आहेत. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव हा खानदेशाचा कापूसपट्टा. इंग्रजी अमदानीत भडगावला सरकारी प्रायोगिक शेत होते आणि तिथे कापसावर प्रयोग चालत. या पट्ट्यातल्या जिनिंगपासून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कामापासून, जळगावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत या पद्धतीचे बहुतेक टप्पे सापडतात.

पहिली नोंद मालकाने हौसेने ठेवलेली नाही, ती सरकारने ठेवायला लावली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, हिंदी कापसाचा भाव कडाडला आणि त्याबरोबर भेसळही वाढली. रुईत सरकी, माती, पाणी काहीही मिसळले जाई. १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध कायदा झाला आणि त्यासाठी निरीक्षक नेमले गेले. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने कारखान्यांना नोंदवही सक्तीची केली आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालायला लावला. मुंबईच्या गोदामात गाठ फोडल्यावर आत ओली रुई निघाली, तर ती कोणाच्या प्रेसमधली हे कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता.

त्या वहीतून दोन आकडे मात्र आपसूक हाती आले. एक, दिवसाला किती गाठी बांधल्या. दुसरा, कापसाचा उतारा, म्हणजे शंभर किलो कापसामागे किती रुई पडली. उतारा साधारण तेहेतीस ते पस्तीस किलोंच्या आसपास असतो. तो एकाएकी घसरला तर कापूस ओला किंवा कचऱ्याचा आहे, नाहीतर जिनचा रोलर घासला आहे, चाकूंची जुळणी बिघडली आहे आणि रुई सरकीलाच चिकटून जात आहे. सरकीची मूठ उचलून तिच्यावर किती तंतू राहिले ते पाहणारा जिनफिटर हेच निदान डोळ्यांनी करतो. आकड्यावरून यंत्राची नाडी ओळखण्याची ही सुरुवात होती, फक्त तिला तसे नाव नव्हते.

गिरण्यांमध्ये हा प्रकार पुढे सरकला. जळगावची खानदेश मिल १८७० च्या दशकात उभी राहिली, अमळनेरची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. त्या काळातल्या हिंदी गिरण्यांची यंत्रे बहुतांशी लँकेशायरची असत, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव त्यात आघाडीवर. या यंत्रांबरोबर मोजणीची साधनेही आली. सूतखात्यात हँकमीटर. सूत पुढे सोडणाऱ्या रुळाच्या फेऱ्यांवरून तो किती हँक सूत निघाले ते दाखवी, आणि कापसाच्या सुताचा एक हँक म्हणजे ८४० यार्ड. विणाई खात्यात पिककाउंटर. मागावर आडवा धागा एकदा टाकला की एक पिक, आणि काउंटर हे पिक मोजत जाई. पाळीगणिक वेगळे आकडे दाखवणारे काउंटरही असत. पाळी बदलली की खटका सरकवायचा, म्हणजे एकाचे काम दुसऱ्याच्या खात्यावर चढत नसे.

या मोजणीमागचा हिशेब साधा आहे. मिनिटाला १८० पिक टाकणारा माग आठ तास अखंड चालला तर ८६,४०० पिक पडायला हवेत. इंचाला ४८ पिकांचे कापड असेल तर ते ५० यार्ड होते. पाळी संपताना काउंटरवर ६९,१२० दिसले, तर कापड ४० यार्ड आणि मागाची कार्यक्षमता ८० टक्के. उरलेल्या २० टक्क्यांत माग उभा होता.

तो का उभा होता, हे काउंटर सांगत नसे. उभा धागा तुटला, धोट्यातली कांडी संपली, पट्टा घसरला, फिटर दुसऱ्या मागावर अडकला की सूतखात्याकडून सूतच आले नाही? याची उत्तरे जॉबरच्या डोक्यात असत. माणसे कामावर घेणारा, बदलीवाल्यांना उभे करणारा आणि यंत्र दुरुस्त करणाराही बहुधा जॉबरच. त्यामुळे त्याच्याकडची माहिती कागदावर फारशी येत नसे, आणि ती यावी असे त्यालाही वाटण्याचे कारण नव्हते. मालकांपर्यंत पोचे तो आकडा, आणि त्यांनी त्या आकड्याचा अर्थ लावला तो कामगाराच्या संदर्भात. मुंबईच्या काही गिरण्यांनी एका विणकराकडे दोनऐवजी तीन माग देण्याची योजना आणली. धागा कच्चा आणि यंत्र जुने असताना माग वाढवले की तुटलेले धागे जोडण्यातच दम निघतो, हे विणकरांना काउंटरशिवाय कळत होते. १९२८ चा सहा महिन्यांचा संप पेटण्यामागे या योजनांचा मोठा वाटा होता. मोजणीचा रोख यंत्रावर ठेवायचा की माणसावर, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

कारणे शोधण्याची शास्त्रीय रीत त्यानंतर थोड्याच वर्षांत निघाली. मँचेस्टरजवळच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधील संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यात ती मांडली. प्रत्येक मागाजवळ घड्याळ घेऊन बसण्याची गरज नाही. दिवसातून वेळी-अवेळी खात्यातून फेरी मारायची, त्या क्षणी कोणता माग उभा आहे आणि कशामुळे, एवढेच लिहायचे. अशा १,००० नोंदींत २०० वेळा माग उभा सापडला, तर थांबण्याचे खरे प्रमाण साधारण साडेसतरा ते साडेबावीस टक्क्यांच्या दरम्यान असते. त्यातल्या ९० नोंदी ‘धागा तुटला’ अशा असतील, तर औषध विणाई खात्यात नव्हे, सूतखात्यात द्यायचे. कागद, पेन्सिल आणि प्रामाणिक फेऱ्या एवढ्या भांडवलावर चालणारी ही रीत या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार युक्ती म्हणावी लागेल.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी दुसरी वाट धरली. धागा तुटला की आपोआप थांबणारा त्यांचा स्वयंचलित माग १९२४ चा. त्याचे हक्क १९२९ मध्ये घेतले ते त्याच प्लॅट ब्रदर्सनी. टोयोडांच्या कापड कारखान्यातून १९४३ मध्ये मोटार कारखान्यात गेलेल्या ताइइची ओनो यांनी यंत्राने स्वतः थांबावे हा विचार मोटारींच्या जोडणीत रुजवला. दोष दिसताच कामगाराने दोरी ओढायची, डोक्यावरच्या फलकावर दिवा लागायचा आणि मदत धावून यायची. गिरणीत जो थांबा लपवला जाई, तो इथे सर्वांना दाखवला जाऊ लागला.

जपानच्याच सेइइची नाकाजिमा यांनी पुढे तीन गोष्टींचा गुणाकार रूढ केला: यंत्र किती वेळ उपलब्ध होते, चालताना वेग किती राहिला आणि निघालेल्या मालात चांगला किती. ९० टक्के, ९५ टक्के आणि ९९ टक्के, प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर समाधानकारक, पण गुणाकार जेमतेम ८५ भरतो.

भारतात हे वारे उशिरा पोचले, पण पोचले. उत्पादनातला चढउतार नेहमीचा की बिघाडाचा हे दाखवणाऱ्या नियंत्रण-आलेखाचे जनक वॉल्टर शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. अहमदाबादला ‘अटिरा’ आणि मुंबईला १९५४ मध्ये ‘बिट्रा’ या कापड-संशोधन संस्था निघाल्या. खानदेशातल्या गिरण्यांना मात्र त्याचा आधार पुरला नाही. १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्या यादीत चाळीसगाव आणि धुळ्याच्या गिरण्या होत्या.

जळगावचे उद्योग नंतर प्लास्टिककडे वळले. जैन समूहाने १९८० मध्ये पीव्हीसी पाइप काढायला सुरुवात केली, आणि औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया विणणारे माग आले. पाइपच्या यंत्रावर मीटरमागे वजन पाहतात. भिंत जाड झाली तर कच्चा माल वाया, पातळ झाली तर पाइप फुटतो. आजच्या सेन्सरचे काम पिककाउंटरचेच आहे. मोटार किती वीज खेचते यावरून यंत्र चालू की बंद ते कळते. कारण मात्र अजूनही बहुधा ऑपरेटरलाच पडद्यावर निवडावे लागते, आणि घाईत तो ‘इतर’ हे बटण दाबतो. ‘इतर’चा आकडा फुगला की लाखोंची प्रणाली पुन्हा हँकमीटरच्या काळात जाते.

जिनिंगचे आधुनिकीकरण २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने पुढे नेले. तरी दिवाळीनंतर काही महिने चालणाऱ्या छोट्या जिनला महागडी प्रणाली परवडत नाही आणि तिची गरजही नाही. प्रत्येक जिनच्या मोटारीला चालू तास मोजणारे एक अवरमीटर आणि वहीत दोन रकाने, थांबल्याची वेळ आणि कारण, एवढे पुरते. घड्याळाचे तास आणि अवरमीटरचे तास यांच्यातली तफावत म्हणजे थांबलेला वेळ. हंगामाच्या पहिल्या महिन्यातच ती वही जिनफिटर आणि मालक यांनी एकत्र बसून वाचावी.