विमानांवर जगणारें शहर

एकाच धंद्यावर पोसलेल्या गांवाची स्थिति एकाच तुळईवर उभ्या असलेल्या घरासारखी असते. तुळई धड आहे तोंवर घराच्या डौलांत कांहीं उणें दिसत नाहीं; पण ती कुरकुरूं लागली कीं घरांतल्या कोणालाहि झोंप येत नाहीं. अमेरिकेच्या वायव्य कोंपऱ्यांत, वॉशिंग्टन संस्थानांत समुद्रकांठीं वसलेलें सिॲटल शहर व त्याच्या भोंवतालचा मुलूख दीर्घकाळ असाच होता. बोइंग कंपनीनें ह्या मुलखाला काय दिलें ह्याच्या कथा पुष्कळ आहेत. मुलखानें आपली रोजी राखण्यासाठीं काय केलें, आणि त्यांतलें काय फळास आलें, एवढेंच आम्हांला येथें पाहावयाचें आहे.

विल्यम बोइंग हा मूळचा लांकडाचा व्यापारी. त्यानें १९१६ सालीं कंपनी काढली तेव्हां विमानें लांकडी सांगाड्यावर कापड ताणून करीत, आणि त्या कामीं लागणारें हलकें व चिवट लांकूड तेथील अरण्यांत मुबलक होतें. पुढें १९१८ सालीं महायुद्ध संपलें आणि सरकारी मागणी आटली. त्या वेळीं ह्या कारखान्यांत घरगुती लांकडी सामान व सपाट बुडाच्या होड्या तयार होऊं लागल्या. मालकानें पदरचे पैसे घालून पगार भागविले. ही गोष्ट चरित्रकार गमतीची म्हणून सांगतात. आम्ही मात्र तिला ह्या सर्व इतिहासांतील मोठा धडा समजतों. त्या सामानानें कोणी श्रीमंत झाला नाहीं, पण विमान बांधणारे हात पांगले नाहींत.

पुढील अर्धशतकांत भरती आणि ओहोटी दोन्ही मोठ्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धांत येथून बॉम्बफेकी विमानांचे ताफे बाहेर पडले, आणि १९४५ सालीं युद्ध संपतांच हजारों कामगार घरीं बसले. प्रवासी जेट विमानांच्या युगांत पुन्हा भरती आली. १९६७ च्या सुमारास ह्या मुलखांत कंपनीच्या पटावर एक लाखाहून अधिक माणसें होतीं. १९७१ च्या वसंतऋतूंत तीं चाळीस हजारांच्याहि खालीं आलीं. विमानांची मागणी मंदावली होती, आणि त्याच मार्चमध्यें ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानासाठीं द्यावयाचा पैसा अमेरिकन काँग्रेसनें नाकारला. शंभरांतील सुमारें तेरा माणसें बेकार झालीं. जपानांतील कोबे ह्या भगिनी-शहरानें अन्नाची मदत पाठविली. जगांतील सर्वांत श्रीमंत राष्ट्राच्या एका नगराला ती घ्यावी लागली. त्या एप्रिलांत जमिनींच्या दोन दलालांनीं विमानतळानजीक फलक लावला: सिॲटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसानें जातांना दिवे मालवावे! त्यांना नैराश्याची थट्टाच करावयाची होती. पण बिऱ्हाड बांधून निघालेल्यांना ती थट्टा वाटली असेल काय?

तथापि दिवे मालवले नाहींत. १९७९ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनी ह्या भागांत आली, आणि ती आली तिचे दोन्ही संस्थापक तेथलेच म्हणून. १९९४ सालीं ॲमेझॉनचा आरंभहि येथेंच झाला. घराला दुसरी तुळई मिळाली.

विमानकारखान्यांतील रोजी राखण्याचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. २००१ सालीं बोइंगनें आपली मुख्य कचेरी शिकागोला नेली. धास्तावलेल्या कायदेमंडळानें २००३ सालीं, नवें ७८७ विमान एव्हरेट येथें बांधलें जावें म्हणून, वीस वर्षांत सुमारें ३२० कोटि डॉलरांची करसवलत दिली. काम आलें, पण २००८ च्या दीर्घ संपानंतर, २००९ सालीं, त्याच विमानाची दुसरी शाखा दक्षिण कॅरोलिनांत गेली. २०१३ सालीं ७७७-एक्स विमानासाठीं सवलत २०४० पर्यंत वाढविली. तिचा अंदाज ८७० कोटि डॉलरांचा होता. त्या विमानाचें व त्याच्या पंखांचें काम संस्थानांतच राहावें अशी अट घातली गेली, आणि ती फळलीहि. परंतु एकंदर किती माणसें कामावर राहतील ह्याविषयीं कायद्यांत अक्षर नव्हतें, आणि पुढील तीन-चार वर्षांत हजारों जागा गेल्या. कामगारांनींहि २०१४ च्या आरंभीं ५१ विरुद्ध ४९ टक्के मतांनीं आपल्या जुन्या पेन्शनवर पाणी सोडलें. २०२० सालीं आंतरराष्ट्रीय व्यापारतंट्यामुळें करसवलतीचा मुख्य भाग रद्द झाला. त्याच वर्षीं ७८७ चें सर्व जुळणीकाम दक्षिण कॅरोलिनांत नेण्याचें ठरलें.

सवलत दिली नसती तर सर्वच गेलें असतें, असें कोणी म्हणतील. तें अगदींच खोटें नाहीं. पण त्या व्यवहारांतून निघतें तें इतकेंच, कीं ज्याची अट लिहिली तें राहिलें, आणि जें विश्वासावर सोडलें तें गेलें. कामगारांना हें कळलें असावें. २०२४ च्या ५३ दिवसांच्या संपानंतर पेन्शन परत मिळालें नाहीं. परंतु कराराच्या चार वर्षांत कंपनीनें नवें विमान काढलें तर तें ह्याच मुलखांत बांधलें जाईल, असें त्यांनीं लिहून घेतलें. कोट्यवधि डॉलर मोजणाऱ्या कायदेमंडळाला जें नीट साधलें नाहीं, तें आपल्या हातांतील कसबाखेरीज दुसरें भांडवल नसलेल्यांनीं मागून घेतलें. १९१८ सालीं लांकडी सामान करवून जें कसब मालकानें जपलें होतें, त्याचेंच हें मोल होय.