मैलो: बुगांडांतील जमिनीच्या मालकीची कथा

परकी सत्तेनें आफ्रिकेंतील लोकांच्या जमिनी हिरावून घेतल्या, एवढ्यांत त्या इतिहासाचें सार आलें असें सामान्यतः समजलें जातें. केनियाच्या पठारावरील हकीकत पाहिली तर तें खरेंही आहे. परंतु शेजारच्या युगांडांतील बुगांडा राज्याची कथा निराळी आहे. तेथें इंग्रजांनीं घेतलेल्या जमिनींपेक्षां त्यांनीं दिलेल्या जमिनींनींच समाजाची घडी अधिक विस्कटली, असें आम्हांस वाटतें.

पूर्वीं बुगांडांत एकाच भूमीवर अनेकांचे निरनिराळे हक्क असत. जेथें गोत्राचे पूर्वज पुरलेले, ती 'बुताका'. तिची राखण 'बताका' म्हणजे गोत्रप्रमुख करीत. सरदारास जमीन मिळे ती हुद्द्यापुरती. कबाकाची, म्हणजे राजाची, मर्जी फिरली कीं हुद्दा जाई आणि त्याबरोबर जमीनही जाई. रयत सरदाराची चाकरी करी, त्यास नजराणा देई. परंतु धनी जुलमी निघाला तर ती बिऱ्हाड उचलून दुसऱ्याच्या आश्रयास जाई. माणसें गेलीं कीं सरदारकी पोकळ झाली! हा धाक रयतेचें मोठेंच संरक्षण होतें.

१० मार्च १९०० च्या करारानें हें सारें बदललें. कबाका दाऊदी च्वा त्या वेळीं अवघा तीन वर्षांचा. त्याच्या वतीनें अपोलो काग्वा प्रभृति कारभाऱ्यांनीं सर हॅरी जॉन्स्टन यांच्याशीं करार केला. सुमारें ९,००० चौरस मैल जमीन पडीक म्हणून इंग्रज सरकारकडे गेली. ८,००० चौरस मैल सुमारें एक हजार सरदार व खासगी धारक यांस कायमची मिळाली. मैलांच्या या हिशेबावरूनच त्या मालकीस 'मैलो' हें नांव पडलें. वांटणी सरदारांच्याच सभेकडे. मग बताकांच्या कित्येक समाधिभूमि परक्यांच्या नांवें चढल्या यांत नवल काय? कॉर्नवॉलिसनें १७९३ सालीं बंगालांत सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांस मालक ठरविलें, त्याची येथें आठवण होते.

पुढें कापसाचें पीक वाढलें, तसा मालकांनीं पिकांतील आपला वांटाही वाढविला. अखेर मालकाच्या मागणीस मर्यादा घालून कुळांस संरक्षण देणारा कायदा १९२८ सालीं करावा लागला. १९७५ सालीं इदी अमीननें सर्व जमीन सरकारची ठरविली. १९९५ च्या राज्यघटनेनें मैलो पुन्हां मान्य केली. अद्यापिही एकाच शेतावर एकाचा दाखला आणि दुसऱ्याची वहिवाट असते, व त्यांतून तंटे उद्भवतात.

राज्यकर्त्यांस प्रत्येक शेताचा एकच धनी हवा होता. जेथें जमीन म्हणजे माणसांमाणसांतील देणेंघेणें होतें, तेथें त्यांनीं तो कागदावर निर्माण केला. सत्तेचें दानही बहुधा कोणाच्या तरी ताटांतून उचललेलें असतें, हेंच या कथेचें तात्पर्य होय.