गावात परमिट रूम येतेय? ग्रामसभेच्या हातात काय आहे, काय नाही

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार म्हटलं की गाड्यांची रांग लागते. नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर ही नावं आता मुंबई-पुण्यात सगळ्यांना माहीत झाली आहेत. गावात लॉज आला, मग जेवणाचं हॉटेल आलं आणि त्याच्या मागोमाग परमिट रूमचा अर्ज येतो. हा अर्ज गावात पोहोचतो तो एका साध्या कागदाच्या रूपात, म्हणजे ग्रामपंचायतीचा ‘ना हरकत दाखला’. तो कागद कोणी मागितला, कधी मंजूर झाला हे शेजाऱ्यांना बऱ्याचदा बोर्ड लागल्यावरच कळतं. मग मोर्चा, निवेदन, पोलिस ठाण्याच्या फेऱ्या सुरू होतात.

दुकान सुरू होण्याआधी अडवायला एक सभा पुरते. सुरू झालेलं बंद करायला अर्धं गाव मतदानाला आणावं लागतं. म्हणून नियम आधीच माहीत असलेले बरे.

परवाना देतं कोण?

ग्रामपंचायत किंवा नगरपालिका दारूचा परवाना देत नाही. तो १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली मिळतो. जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग बघतो, आणि दोन्ही कार्यालयं अलिबागला आहेत. लोक ज्याला ‘एक्साईज’ म्हणतात तोच हा विभाग. त्यामुळे ‘सरपंचाने परवाना दिला’ हे म्हणणं बरोबर नाही. सरपंचाच्या सहीने जातो तो ना हरकत दाखला. पण अर्जाच्या फाईलमध्ये गावाचं म्हणणं म्हणून तोच कागद लागतो, म्हणून त्याला वजन आहे.

कोणता परवाना कशाचा?

- सीएल-३ : देशी दारूचं दुकान
- एफएल-२ : वाईन शॉप, म्हणजे बाटली विकत घेऊन जायचं दुकान
- एफएल-३ : परमिट रूम, म्हणजे बसून प्यायची जागा
- एफएल/बीआर-२ : बिअर शॉपी

कायद्याच्या भाषेत ‘विदेशी दारू’ म्हणजे परदेशातून आलेलीच असं नाही. इथेच बनलेली व्हिस्की, रम, बिअरही त्यातच मोडते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. देशी दारूची दुकानं आणि वाईन शॉप यांचे नवे परवाने राज्यात १९७० च्या दशकापासून थांबलेले आहेत. मग गावात नवीन वाईन शॉप दिसतं ते कुठून? ते बहुधा दुसरीकडचं दुकान ‘स्थलांतर’ होऊन आलेलं असतं. त्यामुळे सभेच्या नोटिशीत ‘नवीन परवाना’ एवढाच शब्द शोधू नका. ‘स्थलांतर’, ‘जागा बदल’, ‘हॉटेल व्यवसायास ना हरकत’ असे शब्द दिसले तरी विचारा की नक्की कोणता परवाना आहे.

ना हरकत : लक्ष ठेवायची जागा हीच

आपल्याकडे वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूदही कायद्यात आहे. दारूचा विषय तिथे आधी मांडला आणि तसा ठराव लिहून घेतला, तर तो मुख्य सभेत बाजूला सारणं अवघड जातं.

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यापैकी जो आकडा कमी असेल तेवढी लागते. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी ‘कोण जातंय’ म्हणून गाव घरी बसलं, तर दुसऱ्या वेळी जेमतेम वीस-पंचवीस माणसांत विषय मंजूर होऊ शकतो.

दुसरी वाट मासिक सभेची. मासिक सभा ही फक्त सदस्यांची असते, गावाची नाही. दारूसारखा विषय तिथेच उरकला जात असेल, तर ‘हा विषय ग्रामसभेपुढे आणा’ अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीला द्या आणि पोच घ्या.

ठराव झाला की त्याची नक्कल मागा. ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) देत नसेल, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. सभेत तुम्ही हरकत घेतली असेल, तर ती इतिवृत्तात लिहिली आहे का हे नक्कल बघूनच कळेल. नुसती तोंडी हरकत पुढे अलिबागपर्यंत पोहोचत नाही. हरकतीची एक लेखी प्रत थेट जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक यांनाही द्यावी.

इंग्लंड आणि वेल्समध्ये असा परवाना स्थानिक कौन्सिलच देतं, आणि अर्जाची नोटीस जागेवर लावून शेजाऱ्यांना हरकतीसाठी २८ दिवस मिळतात. आपल्याकडे गावाने बोलायची तशी जागा म्हणजे ग्रामसभा.

शाळा, देऊळ आणि ७५ मीटर

विदेशी दारूच्या परवान्यासाठी शाळा, कॉलेज, धार्मिक स्थळ, एसटी स्टँड यांच्यापासून ७५ मीटर अंतराची अट सांगितली जाते. भांडण होतं ते मोजण्यावरून. हे अंतर पक्ष्यासारखं सरळ रेषेत मोजत नाहीत. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, माणूस नेहमी ज्या वाटेने चालतो त्या जवळच्या वाटेने, शाळेच्या किंवा देवळाच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. कंपाउंड नसेल तर इमारतीच्या दारापर्यंत. त्यामुळे शाळेची मागची भिंत दुकानाला लागून असली आणि फाटक वळसा घालून ९० मीटरवर असलं, तर नियमात दुकान बसतं. हरकत घेण्याआधी टेप घेऊन चालत मोजा, नाहीतर पहिल्याच चौकशीत मुद्दा पडतो.

आणखी दोन बारकावे आहेत. धार्मिक स्थळ म्हणजे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं स्थळ. गावदेवीचं देऊळ कितीही जुनं असलं, तरी त्याची धर्मादाय कार्यालयात नोंद नसेल तर अंतराच्या अटीत ते धरलं जाणार नाही. तसंच शाळा मान्यताप्राप्त किंवा जिल्हा परिषद, नगरपालिकेची असावी लागते. खासगी क्लास त्यात मोजत नाहीत. ज्या गावांनी देवळाचा न्यास अजून नोंदवलेला नाही, त्यांनी दारूचा विषय नसतानाही हे काम करून ठेवावं.

हायवेलगतची गावं

मुंबई-गोवा महामार्ग पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर असा जातो. वडखळ-अलिबाग रस्ताही राष्ट्रीय महामार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करायचा आदेश दिला. ३१ मार्च २०१७ रोजी २० हजारांपर्यंत लोकवस्तीच्या भागासाठी हे अंतर २२० मीटर केलं. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीला सूट मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायत हद्दीतल्या जागांबाबत ठरवायची मुभा राज्य सरकारांना दिली गेली. म्हणून ‘हायवेपासून ५०० मीटर’ एवढ्याच मुद्द्यावर आज हरकत टिकेल असं धरून चालू नका.

सुरू असलेलं दुकान बंद करायचं असेल तर : आडवी बाटली

यासाठी राज्य सरकारचा २००८ चा आदेश आहे. पायऱ्या अशा आहेत.

१. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा. नगरपालिका हद्दीत हेच काम वॉर्डनिहाय होतं.
२. राज्य उत्पादन शुल्क विभाग मतदार यादीशी सह्या पडताळून बघतो. यादीत नाव नसलेल्यांच्या सह्या बाद होतात. म्हणून मोजून २५ टक्क्यांवर थांबू नका, जास्तीच्या सह्या घ्या आणि प्रत्येकीचा यादीतला अनुक्रमांक लिहा.
३. पडताळणी झाल्यावर जिल्हाधिकारी मतदानाचा आदेश देतात. मतदान गुप्त असतं आणि तहसील कार्यालय ते घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावं, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावं.
४. आडव्या बाटलीला एकूण मतदारांच्या ५० टक्क्यांहून जास्त मतं पडली, तर दुकान बंद होतं. अर्ज महिलांचा असेल तर हिशोब एकूण महिला मतदारांवर होतो.

चौथ्या पायरीवर बरीच गावं फसतात. उदाहरण म्हणून आकडे घेऊ. गावात १,२०० महिला मतदार आहेत. अर्जाला ३०० सह्या लागतील. मतदानाला ७०० महिला आल्या, ५९० जणींनी आडवी बाटली आणि ११० जणींनी उभी बाटली निवडली. तरी दुकान चालूच राहील. कारण निम्म्याहून जास्त म्हणजे ६०१ मतं लागतात, आणि ती आलेल्यांच्या नव्हे तर यादीतल्या नावांच्या हिशोबाने. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच कामी येते.

किनाऱ्यावरच्या गावांना हे गणित जास्त जड जातं. घरातली निम्मी माणसं मुंबईला, नाव मात्र गावच्या यादीत. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतं, एरवी दारं बंद. म्हणून अर्ज करण्याआधी मतदार यादी घेऊन बसावं. मयत कोण, लग्न होऊन गेलेली कोण, मुंबईत कोण, हे घरटी बघावं. मयत आणि कायमची स्थलांतरित नावं कमी करायचा अर्ज रीतसर द्यावा. मुंबईकर मंडळाला आधीच कळवावं. सह्या गोळा करण्याएवढंच हे कामही मोठं आहे.

समुद्रावरचे शॅक

जून २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बीच शॅक धोरण मंजूर केलं. सुरुवातीला निवडलेल्या आठ किनाऱ्यांत रायगडचे वरसोली आणि दिवेआगर हे दोन आहेत. स्थानिकांना प्राधान्य हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. शॅक मिळाला म्हणजे दारू विकायचा परवाना मिळाला असं होत नाही, तो वेगळाच घ्यावा लागतो. शॅक असो की ढाबा, परवाना नसताना गिऱ्हाईकाला बसवून पाजणं हा दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ आणि ८४ खाली गुन्हा आहे. त्यात चालवणारा आणि पिणारा दोघेही सापडतात.

डीजे आणि रात्रीचा धिंगाणा

प्रत्येक तक्रार परवान्याचीच असते असं नाही. शेजाऱ्यांची झोप मोडते ती आवाजाने. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. तक्रार ११२ वर करा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. अवैध दारूसाठी राज्य उत्पादन शुल्कचा टोल फ्री क्रमांक १८००२३३९९९९ आहे. परवान्याच्या अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. पण त्यासाठी नोंदवलेल्या तक्रारी लागतात, फक्त ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पुरत नाही.

दुकानदाराचंही म्हणणं असतं

हॉटेलवाला बहुतेक वेळा गावचाच असतो. कर्ज काढलेलं असतं, पावसाळ्याचे चार महिने धंदा थंड. परमिट नसेल तर पर्यटक पुढच्या गावात जातो, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. काही गावांत मधला मार्ग निघू शकतो. दाखला देतानाच ठरावात अटी लिहायच्या: गाडी लावायला स्वतःची जागा, रस्त्याच्या बाजूला आडोसा, रिकाम्या बाटल्यांची विल्हेवाट, दहानंतर बाहेर गाणी नाहीत. तोंडी आश्वासन दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही, ठरावातली ओळ राहते.

दुकान बंद झालं म्हणजे दारू बंद झाली असंही नाही. परवान्याचं दुकान गेलं आणि खाडीकडेला हातभट्टी सुरू झाली, तर गाव आगीतून फुफाट्यात पडतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर बळी गेले, ती दारू परवान्याच्या दुकानातली नव्हती. म्हणून आडवी बाटली करणाऱ्या गावाने अवैध दारूवर लक्ष ठेवण्यासाठी कायद्यातल्या ग्रामरक्षक दलाचाही विचार करावा.

निर्णय पटला नाही तर

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करता येतं, त्यापुढे राज्य शासनाकडे दाद मागता येते. ही वाट दुकानदारालाही खुली आहे आणि तो वकील लावून ती वापरतो. गावाकडे ठरावाची नक्कल, अंतराचं मोजमाप, तक्रारींच्या पोच असं सगळं एका फाईलमध्ये असेल तरच तिथे उत्तर देता येतं.

थोडक्यात

- सभेची नोटीस वाचा, फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाका.
- दाखल्याचा विषय असेल तर पहिल्याच सभेला जा, सभा तहकूब होऊ देऊ नका.
- हरकत लेखी द्या, पोच घ्या, ठरावाची नक्कल मागा.
- अंतर चालत्या वाटेने स्वतः मोजा.
- मतदानाची वेळ आली तर यादीतल्या निम्म्याहून एक मत जास्त लागेल, हे धरूनच तयारी करा.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तिन्ही दिवशी ड्राय डे असतो आणि ग्रामसभाही त्याच सुमारास भरते. दुकान बंद असलेल्या त्या दिवसात गावाने दोन तास सभेला दिले, तर पुढची बरीच वर्षं अलिबागच्या फेऱ्या वाचतात.