आकापुल्कोचा हंगाम

समुद्रकांठीं चार दिवस कांहींहि न करितां पडून राहावें आणि त्यासाठीं पैसे मोजावे, ही कल्पना आमच्या आजोबांना विचित्र वाटली असती. त्यांच्या पिढीला समुद्र ठाऊक होता तो मचव्यांचा, मिठागरांचा आणि फार तर पर्वकाळच्या स्नानाचा. आतां काळ बदलला आहे, आणि इतिहास शिकविणारी आमच्यासारखी माणसेंहि सुटींत समुद्रावर जाऊं लागलीं आहेत. इ. स. २०२५ च्या जानेवारींत आम्ही मेक्सिको देशांतील आकापुल्को येथें पांच दिवस राहिलों, तें ह्याच रीतीनें. आमचे एक कॉलेजांतील स्नेही नोकरीनिमित्त मेक्सिको शहरीं वीस वर्षें राहत आहेत. ते मूळचे वेंगुर्ल्याचे; त्यामुळें समुद्रावांचून त्यांना फार दिवस करमत नाहीं. “पुस्तकें पुष्कळ पाहिलींस, आतां पांच दिवस पाण्याकडे पाहा,” असें म्हणून त्यांनीं आम्हांला गाडींत बसविलें. पाण्याकडे आम्ही पाहिलें. परंतु जन्माची संवय सुटत नाहीं, आणि पाण्यापलीकडचेंहि कांहीं दिसत राहिलें.

राजधानीपासून आकापुल्को चारशें किलोमीटरांच्या आंत आहे. डोंगर उतरतां उतरतां हवा दमट होत जाते, नारळीचीं झाडें दिसूं लागतात, आणि एका वळणावर तो प्रसिद्ध उपसागर एकदम डोळ्यांपुढें येतो. घोड्याच्या नालासारखें वळलेलें निळें पाणी, त्याभोंवतीं डोंगरांचें कडें, आणि पाण्याच्या कडेनें हॉटेलांची लांबच लांब रांग. निसर्गानें बंदरासाठींच राखून ठेवलेली ही जागा आहे, हें कोणालाहि पाहतांक्षणीं पटावें. पण जरा निरखून पाहिलें, तेव्हां त्या रांगेंतील कित्येक इमारती नुसत्या सांगाड्यासारख्या उभ्या दिसल्या. २५ ऑक्टोबर २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर ‘ओटिस’ नांवाचें चक्रीवादळ ताशीं अडीचशें किलोमीटरांहून अधिक वेगानें ह्या किनाऱ्यावर आदळलें. आदल्या सकाळीं तें साधारण वादळ होतें. रात्रीपर्यंत तें सर्वांत भयंकर अशा पांचव्या श्रेणीस पोंचलें. आम्ही उतरलों त्या हॉटेलाचे खालचे मजले चालू होते, वरचे अजून दुरुस्तींत होते.

तेथें सकाळीं पपई आणि कॉफी आणून देणाऱ्या एका वृद्ध नोकराला आमच्या स्नेह्यांनीं सहज विचारलें, “काय, कसें चाललें आहे?” तो म्हणाला, “हंगाम आहे, साहेब.” त्याच्या मुद्रेवरून तें उत्तर समाधानाचें दिसलें. स्नेही म्हणाले, “ह्याच्या लेखीं दोनच गोष्टी: हंगाम आहे, किंवा हंगाम नाहीं.” तो शब्द आमच्या मनांत घोळत राहिला. आकापुल्कोचा साडेचारशें वर्षांचा इतिहास त्या एका शब्दांत सांगतां येईल, असें आम्हांला वाटतें.

इ. स. १५६५ पूर्वीं स्पेनचीं जहाजें पॅसिफिक महासागर पश्चिमेकडे ओलांडीत. परंतु त्याच महासागरानें परत येण्याची वाट त्यांना सांपडली नव्हती. त्या वर्षीं आन्द्रेस द उर्दानेता ह्या दर्यावर्दी साधूच्या मार्गदर्शनानें एक जहाज फिलिपाइन्स बेटांतून निघालें, उत्तरेकडील वारे आणि प्रवाह धरून महासागर ओलांडतें झालें, आणि ऑक्टोबरांत आकापुल्कोस लागलें. तेथपासून इ. स. १८१५ पर्यंत, म्हणजे अडीच शतकें, मनिला आणि आकापुल्को ह्यांच्यामध्यें वर्षास एक, क्वचित् दोन, प्रचंड गलबतें ये-जा करीत. जातांना मेक्सिको व पेरू येथील खाणींची चांदी जाई. येतांना चीनचें रेशीम व चिनी मातीचीं भांडीं, बेटांवरील मसाले, आणि आमच्या बंगालचें, चोलमंडलाचें व गुजराथचें सुती कापड येई. जाण्यास सुमारें तीन महिने लागत, येण्यास चार ते सहा. येणाऱ्या मालाची किंमत अडीच लक्ष पेसोंहून अधिक नसावी, अशी राजाज्ञा इ. स. १५९३ मध्यें निघाली. आणि लांबच्या राजाच्या आज्ञांचें बहुधा जें होतें तेंच तिचें झालें.

एवढी संपत्ति ज्या गांवावरून गेली, तें गांव स्वतः कसें होतें? ह्याचें उत्तर देणारा एक साक्षीदार मराठी वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी इ. स. १६९५ मध्यें आमच्या मुलखांत होता. वसई आणि गोवें पाहून तो कृष्णाकांठीं गलगली येथें औरंगजेबाच्या छावणींत गेला व वृद्ध बादशहास भेटला. राजाराम महाराज तेव्हां जिंजीस होते. पुढें चीन पाहून तो मनिलाहून गलबतांत बसला, आणि दोनशें दिवसांहून अधिक काळ समुद्रावर काढून इ. स. १६९७ च्या जानेवारींत आकापुल्कोस उतरला. जगांतील एका मोठ्या बाजारपेठेची अपेक्षा करून आलेल्या ह्या मनुष्यास तेथें लांकूड, माती आणि गवत ह्यांचीं घरें दिसलीं. ह्यास शहर म्हणण्यापेक्षां कोळ्यांचें खेडें म्हणावें, असाच त्याचा अभिप्राय पडला. गलबत आलें कीं राजधानीहून व पेरूहून व्यापारी येत, जत्रा भरे, चांदीच्या राशी हातोहात फिरत. आणि कांहीं आठवड्यांत सारें जण माल घेऊन निघून जात. पुढें शंभर वर्षांनीं, इ. स. १८०३ मध्यें, जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट येथें आला. त्यानेंहि तेंच पाहिलें: एरवीं चार हजारांची वस्ती गलबत येतांच नऊ हजारांवर जाई.

कारेरीनें लिहून ठेवलेली एक गोष्ट मात्र आम्हांस त्या सर्व चांदीहून मोलाची वाटते. गलबतांतील माल उतरून झाला, तेव्हां हमालांनीं आपल्यांतील एकाला तिरडीवर निजविलें आणि जणूं तो मेलाच आहे असा आक्रोश करीत त्याची प्रेतयात्रा काढली. त्यांच्या सुगीचे दिवस संपले, म्हणून हा शोक होता. त्या थोड्या दिवसांत त्यांना चांगली मजुरी मिळे. त्यानंतर वर्षभर कांहीं नसे. इतिहासांत राजांच्या प्रेतयात्रा पुष्कळ आहेत. हंगामाची प्रेतयात्रा आम्ही अन्यत्र वाचलेली नाहीं.

त्याच गलबतांतून माणसेंहि विकावयास येत. मेक्सिकोंत त्यांना सरसकट ‘चिनो’ म्हणत. पण त्यांत आमच्या देशांतील माणसेंहि होतीं. त्यांपैकीं एकीचें नांव राहिलें आहे. मीरा नांवाच्या मोगल मुलखांतील मुलीला पोर्तुगीज चाच्यांनीं धरलें. कोचीन येथें तिचा बाप्तिस्मा झाला, मनिलास ती विकली गेली, आणि इ. स. १६२१ च्या सुमारास आकापुल्कोस उतरली. पुएब्ला शहरांत कातारीना द सान ह्वान ह्या नांवानें तिनें उरलेलें आयुष्य काढलें. ५ जानेवारी १६८८ रोजीं ती वारली, तेव्हां लोक तिला साध्वी मानीत होते. आशियांतून आणलेल्या ह्या गुलामांना कायद्यानें मुक्तता मिळाली ती इ. स. १६७२ मध्यें. गलबतांवरील फिलिपिनो खलाशांपैकीं कित्येक जण परत न जातां ह्याच किनाऱ्यावर राहिले, आणि नारळाची माडी काढण्याची विद्या त्यांनीं येथें रुजविली. ती माडी अद्यापि ‘तूबा’ ह्या त्यांच्याच नांवानें विकली जाते. आमच्या स्नेह्यांनीं ती चाखून “वेंगुर्ल्याची बरी” असा निकाल दिला. पण ज्याला आपण चिकू म्हणतों त्या फळाचें माहेर मेक्सिको, आणि त्याचें नांवहि तेथल्या ‘चिकोसापोते’ ह्या नांवावरून आलेलें, हें ऐकून ते कांहीं वेळ गप्प बसले.

इ. स. १८१३ मध्यें स्वातंत्र्ययुद्धांत मोरेलोस ह्यानें सान दिएगोचा किल्ला घेतला. दोन वर्षांनीं शेवटचें गलबत गेलें, आणि गांव शंभर वर्षें झोपलें. त्याला जाग आली ती इ. स. १९२७ मध्यें राजधानीपासून मोटाररस्ता झाला तेव्हां. मिगेल आलेमान हे इ. स. १९४६ ते १९५२ पर्यंत अध्यक्ष असतां आकापुल्कोचें रूप पालटलें. किनाऱ्यावरील हमरस्त्याला त्यांचेंच नांव आहे. मेक्सिकोच्या क्रांतीनें खेड्यांना वाटून दिलेली सामाईक जमीन येथें हॉटेलांसाठीं आणि बंगल्यांसाठीं सरकारजमा झाली. मोलमजुरी करणारे डोंगरउतारावर घरें बांधून राहूं लागले. हॉलिवुडचे नट आले, नवपरिणीत जोडपीं आलीं. पुन्हां एकदां जत्रा भरली. मग इ. स. १९७० पासून सरकारनें दुसऱ्या किनाऱ्यावर कान्कून नांवाचें नवें विश्रांतिस्थान उभें केलें, आणि परदेशी पाहुणे तिकडे वळूं लागले. पुढें टोळीयुद्धांच्या भीतीनें आणखी लोक दूर राहिले. शेवटीं ओटिस आलें. त्यांत सुमारें पन्नास माणसें मेलीं, आणि कित्येक बेपत्ता झालीं. धनिकांच्या नौका राखण्यासाठीं त्या रात्रीं बंदरांत थांबलेले खलाशी त्यांत होते.

हें सारें आम्ही संध्याकाळीं वाळूंत बसून स्नेह्यांना ऐकविलें, आणि शेवटीं म्हणालों कीं, हें गांव नेहमींच दुसऱ्यांच्या सोयीसाठीं जगत आलें. गलबत काय आणि हॉटेल काय, संपत्ति येथून जाते, येथें राहत नाहीं. स्नेही शांतपणें म्हणाले, “तुझें म्हणणें खरें असेल. पण तो म्हातारा सकाळीं ‘हंगाम आहे’ म्हणाला, तेव्हां तो रडत नव्हता. तुम्ही इतिहासवाले गेलेल्या गलबताचा हिशेब मांडतां. त्याला येणाऱ्या गाडीचा हिशेब पाहिजे. आपण दोघे आलों नसतों, तर त्याचें काय भलें झालें असतें?”

ह्या प्रश्नाला आम्हांजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि पुरतें नाहीं. एवढें मात्र म्हणतां येईल. कारेरीच्या हमालांनाहि गलबत नको होतें असें नाहीं. तें हवें होतें, म्हणूनच तर त्यांनीं त्याच्यासाठीं सुतक धरलें. दोष गलबत येण्यांत नव्हता. अडीचशें वर्षें दरसाल चांदीच्या राशी पाहिलेल्या गांवीं हंगाम संपल्यावर पुरेल एवढें कांहीं उरूं नये, ह्यांत दोष होता. किती जहाजें आलीं हें सांगण्याबरोबरच, तीं गेल्यावर गांवांत काय राहिलें, हेंहि इतिहासानें विचारलें पाहिजे. सुटींत समुद्रावर जाणाऱ्यांनींहि तें एकदां विचारण्यास हरकत नाहीं; आणि त्यासाठीं मेक्सिकोसच गेलें पाहिजे असें नाहीं.

निघण्याच्या दिवशीं त्या वृद्धानें आमची पेटी गाडींत ठेवली, आणि स्नेह्यांना विचारलें, “ईस्टरच्या सप्ताहांत येणार ना?” स्नेही “येतों” म्हणाले. ते शब्द पाळतील, हें आम्हांस ठाऊक होतें. म्हाताऱ्यानें आमच्याकडेहि पाहिलें. आमचें गांव किती दूर आहे हें त्याला सांगावें असें मनांत आलें होतें. पण आम्हीहि “येतों” एवढेंच म्हणालों.