यंत्रात बोट गेलं तर भरपाई किती, आणि अर्ज कुठे?

चांदनी (जि. बऱ्हाणपूर) : भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावर नेपानगरजवळ चांदनी आहे. या पट्ट्यातली माणसं कामासाठी दोन्हीकडे जातात. कुणी बऱ्हाणपूरच्या पॉवरलूमवर, कुणी हद्द ओलांडून रावेर, भुसावळ, जळगावकडे. लूमचा पट्टा असो, जिनिंग असो, पॉवरप्रेस असो की कडबा कुट्टी, सापडतो तो हातच. मग सेठ दवाखान्याचं बिल भरतो, हातावर थोडे पैसे ठेवतो, कोऱ्या कागदावर सही घेतो. अनेकांच्या लेखी प्रकरण तिथंच मिटतं. कायद्याच्या लेखी मिटत नाही.

आधी तातडीचं. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते खराब होतं. दवाखान्याच्या कागदावर ‘कामावर यंत्रात हात सापडून’ असंच लिहून घ्यावं. ‘घरी पडला’ असं लिहिलं गेलं की पुढे सगळंच अवघड होतं.

भरपाईचे रस्ते दोन. कारखान्यात १० किंवा जास्त कामगार असतील, ईएसआय लागू असेल आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल, तर ईएसआय. उपचार चालू असेपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर पेन्शन. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून हक्क जात नाही. महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. मात्र ईएसआयचा लाभ मिळत असेल तर दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही.

ईएसआय नसेल तिथे १९२३ चा कामगार भरपाई कायदा. त्यात हाताच्या प्रत्येक भागाचा टक्का ठरलेला आहे. अंगठा ३०, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०, पंजा गेला तर ६०. गणित असं : पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा आकडा, त्यातला हा टक्का. वय ३०, पगार १२ हजार, अंगठा गेला. ७,२०० गुणिले २०७.९८ म्हणजे १४ लाख ९७ हजार ४५६, त्याचे ३० टक्के म्हणजे सुमारे ४ लाख ४९ हजार. सेठने हातावर ठेवलेले पैसे आणि हा आकडा शेजारी मांडून बघा. हिशोबासाठी पगार मात्र जास्तीत जास्त १५ हजारच धरला जातो.

धंदा कोणता, हेही महत्त्वाचं. डावा हात कोपराच्या वर गेलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पूर्ण अपंगत्वाची भरपाई मान्य केली, कारण एका हाताने सुतारकी होत नाही. विणकराच्या बोटांबाबतही हा मुद्दा वकिलाने मांडावा.

आता सीमेवरच्या माणसाला सगळ्यात उपयोगी गोष्ट. अपघात जळगावला झाला म्हणून तारखांना जळगावलाच जायला पाहिजे, असं नाही. अपघाताच्या जागी, स्वतः राहतो तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे, तिन्हीपैकी कुठेही भरपाई आयुक्ताकडे अर्ज करता येतो. म्हणजे चांदनीच्या माणसाला आपल्या जिल्ह्यातूनही दाद मागता येते. मुदत अपघातापासून २ वर्षं. हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

दवाखान्याचं बिल भरलं म्हणजे भरपाई दिली, असं होत नाही. उपचाराचा खर्च वेगळा. हक्क सोडल्याची सही कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायची तर ती आयुक्ताकडे नोंदवावी लागते. ठेकेदाराकडे बोट दाखवून मुख्य मालक सुटत नाही. ‘तुझ्याच निष्काळजीपणाने झालं’ हेही कारण चालत नाही. दारू पिऊन काम केलं किंवा यंत्राचं संरक्षक झाकण मुद्दाम काढलं, असं मालकाला सिद्ध करावं लागतं. भरपाई देय झाल्यावर महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, शिवाय कारण नसताना अडवली तर निम्म्यापर्यंत दंड. शेतात कुट्टी किंवा मळणी यंत्रावर लावलेला मजूरही या कायद्यात येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. भरपाईच्या हिशोबाची रीत तीच आहे. घरून कामावर जाताना-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, आता धरला जातो.

एक घोटाळा नेहमी होतो. दिव्यांग प्रमाणपत्रावरचा टक्का आणि भरपाईचा टक्का वेगळा. सरकारी सवलतींसाठी सहसा ४० टक्के लागतात. भरपाईला तशी अट नाही, करंगळीचीही मिळते. हजेरीची वही, पगाराची बँकेतली किंवा फोनवरची नोंद, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं आणि दवाखान्याचा पहिला कागद, एवढं पहिल्याच आठवड्यात गोळा करून घरी ठेवावं.