गाडीचा एसी आणि गॅसचा लपंडाव

मार्च संपत आला की गॅरेजमध्ये एक वाक्य दिवसभर ऐकू येतं. "एसी गार करत नाहीये हो, जरा गॅस भरून द्या." मेकॅनिकही फार काही विचारत बसत नाही. सिलिंडर जोडतो, अर्ध्या तासात गाडी परत. पुढच्या मार्चमध्ये तीच गाडी, तेच वाक्य.

आता बघा, एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस गोल गोल फिरत असतो. पुढच्या कंडेन्सरमध्ये द्रव होतो, डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो, उकळताना आतली उष्णता ओढून घेतो, आणि कॉम्प्रेसर त्याला परत दाबून पुढे पाठवतो. घरच्या फ्रिजमध्ये पंधरा पंधरा वर्षं कोणी गॅस भरत नाही. मग गाडीत दरवर्षी का भरावा लागतो? आणि "गार होत नाही" म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव गॅसचंच का येतं? याचं उत्तर इतिहासात आहे. त्यासाठी थेट १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत जावं लागेल.

त्या काळचे फ्रिज सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, मिथाइल क्लोराइड अशा वायूंवर चालायचे. सगळे विषारी, आणि गळतीमुळे माणसं दगावलीसुद्धा. पण एक आहे, सल्फर डायऑक्साइड किंवा अमोनिया सुटला की शोध घ्यावा लागत नसे. नाकाला झोंबायचं, डोळ्यांना पाणी यायचं, लोक खोलीबाहेर पळायचे. बिघाड कुठे आहे ते नाकच सांगायचं.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. क्लोरीन आणि फ्लोरीन असलेला असा वायू, जो जळत नाही आणि विषारीही नाही. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. एका फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्तीही याच माणसाची. एकाच माणसाने हवेचं इतकं नुकसान केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.) हा वायू फ्रीऑन या नावाने बाजारात आला. त्यातला गाड्यांमध्ये गेला तो आर-१२. त्याला जवळपास वास नाही आणि रंगही नाही. म्हणजे गळती झाली तर आता नाकाला कळणार नव्हतं.

गाडीत एसी पहिल्यांदा कारखान्यातूनच बसवून दिला तो पॅकार्ड कंपनीने. नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात तो दाखवला, किंमत २७४ डॉलर. कूलिंग कॉइल डिकीच्या बाजूला होती, गार हवा मागच्या सीटच्या पाठीमागून यायची. आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता! इंजिन सुरू तोवर कॉम्प्रेसर सुरू. थंडीत तो थांबवायचा तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा. १९४१ नंतर पॅकार्डने तो नाद सोडला. मोटार एसी खऱ्या अर्थाने परतला तो १९५३ मध्ये, क्रायस्लर आणि जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्यांमधून. पुढच्याच वर्षी नॅश आणि पॉन्टिॲक यांनी सगळा संच पुढे, बॉनेटखाली आणून बसवला. आज आपल्या गाडीत आहे ती मांडणी साधारण तिथून आलेली.

आपल्या प्रश्नाचं मूळ याच मांडणीत आहे. फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच लोखंडी डब्यात घालून डबा वेल्डिंगने बंद केलेला असतो. आत जातात त्या फक्त विजेच्या तारा. गाडीत कॉम्प्रेसर फिरवतं इंजिन, तेही बाहेरून, पट्ट्याने. म्हणजे फिरणारा दांडा कॉम्प्रेसरच्या भिंतीतून आरपार जाणार, आणि त्याच्याभोवती सील लागणार. दांडा हजारो वेळा फिरला की सील थोडंफार झिरपतंच. शिवाय इंजिन थरथरतं, त्यामुळे सगळ्या नळ्या धातूच्या ठेवता येत नाहीत, मध्ये रबरी पाइप घालावे लागतात. रबरातूनही गॅस हळूहळू निसटतो. प्रत्येक जोडाला ओ-रिंग, ती उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होते. थोडक्यात, गाडीचा एसी जन्मापासून थोडा गळका.

तेव्हा याचं कुणाला फारसं वाटलं नाही. आर-१२ स्वस्त होता, निरुपद्रवी समजला जात होता, आणि त्या अवाढव्य अमेरिकन गाड्यांत तो किलो-दीड किलोने भरलेला असायचा. त्यातला पाव किलो गेला तर कुणाला पत्ता लागत नसे. अमेरिकेत छोटे डबे दुकानात मिळायचे, मालक घरीच भरायचे. गळती शोधण्याच्या खटपटीपेक्षा डबा रिकामा करणं सोपं. "गॅस भरून द्या" ही सवय तिथली आहे.

तरीही शोधायचंच असेल तर मेकॅनिककडे दोन साधनं होती, आणि दोन्ही मोठी छान. एक म्हणजे ड्रायरच्या डोक्यावरची काचेची छोटी खिडकी. एसी चालू करून तिच्यात बघायचं. बुडबुडे सतत पळताना दिसले तर गॅस कमी. काच स्वच्छ असेल आणि हवा गार येत असेल तर ठीक. दुसरं साधन म्हणजे हॅलाइड दिवा. छोटी गॅसची ज्योत, तिच्यात तांब्याची तापलेली चकती, आणि दिव्याला जोडलेली एक रबरी नळी. नळीचं तोंड जोडाजोडावरून फिरवायचं. आर-१२ जरा जरी ओढला गेला तरी ज्योत हिरवी, जास्त असेल तर निळी-जांभळी. नाकाला न कळणारी गळती अशी डोळ्यांना दिसायची. (त्या ज्योतीतून निघणारा धूर मात्र विषारी, म्हणून वाकून हुंगू नये असं शिकवायचे.)

ज्योत हिरवी करायचा तो आर-१२ मधला क्लोरीन. आणि १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी 'नेचर'मध्ये जे मांडलं, तेही याच क्लोरीनबद्दल. हे वायू इतके स्थिर आहेत की खाली कुठे नष्टच होत नाहीत. वर स्थितांबरात जातात, तिथे अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचं छिद्र सापडलं. १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियल करार झाला. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुट्झन यांच्यासह १९९५ चं नोबेल मिळालं.

श्रीमंत देशांनी १९९५ च्या अखेरीस आर-१२ चं उत्पादन थांबवलं. त्याच्या जागी आला आर-१३४ए, त्यात क्लोरीन नाही. ओझोनसाठी उत्तम. पण क्लोरीनच नाही म्हटल्यावर हॅलाइड दिव्याची ज्योत हिरवी व्हायचीही बंद! काचेची खिडकीही बेभरवशाची झाली. आर-१३४ए मध्ये गॅस पुरेसा असतानाही बुडबुडे दिसू शकतात, आणि ते घालवायच्या नादात माणूस गॅस जास्त भरून बसतो. पुढे बऱ्याच गाड्यांतून ती खिडकी गेलीच. आता गळती शोधायची तर हुंगणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र हवं, किंवा आत रंगद्रव्य सोडून जांभळ्या दिव्याखाली हिरवट डाग शोधायचे.

नव्या गॅसचे नखरेही वेगळे. आर-१२ बरोबर चालणारं खनिज तेल याच्यात मिसळत नाही, दुसरं तेल लागतं. त्याचा रेणू लहान, म्हणून पाइपच्या आत नायलॉनचा थर द्यावा लागला. उन्हाळ्यात दाब जास्त चढतो, म्हणून जुन्या गाडीत नुसता गॅस बदलला तर जुना कंडेन्सर अपुरा पडतो. हायवेवर गार, सिग्नलला गरम. दोन्ही गॅस एकत्र झाले तर दाब दोघांपेक्षाही वर जातो आणि गेजवरचा आकडा काहीच खरं सांगत नाही. गॅस भरायचे नॉझल मुद्दाम वेगळ्या आकाराचे केले ते यासाठीच.

भारत करारात सामील झाला १९९२ मध्ये, आणि आपल्यासारख्या देशांना २०१० पर्यंत मुदत होती. म्हणजे मधली बरीच वर्षं आपल्याकडे दोन्ही गॅस शेजारी शेजारी नांदत होते. मला वाटतं, आपल्या गॅरेजमधला गोंधळ याच वर्षांतला. गॅस बदलला, भरायची रीत मात्र जुनीच राहिली. आणि आपल्या छोट्या गाडीत मावतो साधारण ४०० ग्रॅम. त्यातले १०० ग्रॅम गेले तरी फरक पडतो, १०० ग्रॅम जास्त झाले तरी पडतो. अंदाजाने भरायचा काळ मागे गेला.

गेजचंही नीट समजून घ्या. एसी बंद असताना ३० अंश तापमानाला आर-१३४ए साधारण ९७ पीएसआय दाखवतो. आत भरपूर गॅस असो की थोडाच, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी आकडा तोच, जसं स्वयंपाकाच्या सिलिंडरचं दाबावरून कळत नाही, उचलूनच बघावं लागतं. म्हणून खरी पद्धत एकच. आतला गॅस यंत्राने पूर्ण काढून घ्यायचा, व्हॅक्यूम मारायचा, व्हॅक्यूम टिकतो का बघायचं, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच वजन करून भरायचा.

एसी चालू असताना मात्र दोन्ही गेज मिळून बरंच बोलतात. दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल तर गॅस कमी, म्हणजे गळती शोधा. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरचा पंखा बघा, त्याच्या जाळीतली माती बघा, नाहीतर कोणीतरी आधीच जास्त गॅस भरून ठेवलाय. कमी दाबाची बाजू वर आणि जास्त दाबाची खाली असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. आणि गेज लावायच्याही आधी, हवा गार आहे पण जोरच नाही, असं असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. धुळीच्या रस्त्यांवर तो किती लवकर बुजतो ते बघून चकित व्हाल. सुरुवातीला गार आणि तासाभराने हवाच येईनाशी, असं झालं तर कॉइलवर बर्फ धरतोय. यातल्या एकाच दुखण्यात गॅसची कमतरता सरळ दिसते, आणि पैसे मात्र आपण प्रत्येक वेळी गॅसचेच देतो.

हवेत सुटलेला आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण पृथ्वी तापवायला तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त जोरदार आहे. म्हणून युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत तो चालत नाही, तिथे आर-१२३४वायएफ आला. तो महाग आहे आणि थोडासा ज्वलनशीलही. १९३० मधली मेणबत्ती आठवते ना? नव्वद वर्षांनी आपण परत पेट घेऊ शकणाऱ्या गॅसकडे आलो.

इलेक्ट्रिक गाडीत मात्र गोष्ट वेगळ्या वळणावर गेलीय. पट्टा नाही, बाहेरून आत जाणारा दांडा नाही. मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात, फ्रिजसारखे. गळतीची एक मोठी जागा गेली. पण त्या डब्यातल्या तेलाचा संबंध आता उच्च दाबाच्या विजेशी येतो, म्हणून बहुतेक अशा गाड्यांना वेगळं, वीज न वाहणारं तेल लागतं. पेट्रोल गाडीचं तेल चुकून त्यात गेलं तर बिघाड थेट विजेच्या यंत्रणेत. तेव्हा अशी गाडी दुरुस्तीला नेलीत तर गॅसच्या आधी विचारा, "यात तेल कुठलं टाकताय?"